ट्रेड मशीन हिरवं झालं म्हणजे चारही संघ ‘हो’ म्हणाले असं नसतं

गोखलेनगरचा_गार्ड (धागाकर्ता)

काल लेकर्सवेडा_ठाणे यांनी एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) ट्रेड मशीनवर, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत पगार नियमात बसले की हिरवं होणाऱ्या वेबसाइटवर, एक प्रस्ताव जुळवून टाकला आणि त्याखाली ‘भारी’, ‘पेलिंकाला (लेकर्सच्या मॅनेजरला) मेल करा’ अशा प्रतिसादांची रांग लागली. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

वाचला नसेल त्यांच्यासाठी: मिलवॉकी बक्सचा स्टार यानिस लेकर्सकडे. मिलवॉकीला लेकर्सचा ऑस्टिन रीव्ज, पोर्टलंडचा रॉबर्ट विल्यम्स, लेकर्सचा २०३१चा फर्स्ट राउंड पिक (नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्क) आणि पोर्टलंडकडे असलेला बक्सचाच २०२९चा पिक. पोर्टलंडला लेकर्सचा हाचिमुरा. लेकर्सचेच व्हिन्सेंट आणि क्लीबर ब्रुकलिनला, सोबत काही सेकंड राउंड पिक.

पगार जुळतात, त्याबद्दल तक्रार नाही. लेकर्सचे चौघे मिळून ५४.७ मिलियनच्या आसपास, यानिस ५४.१. पण पोर्टलंडच्या खुर्चीत बसून एकदा बघा की राव. २०२३च्या सप्टेंबरात लिलार्ड देताना त्यांनी बक्सकडून २०२९चा पिक घेतला, कसलंही प्रोटेक्शन (बक्स अगदी तळाला गेले तर पिक त्यांच्याकडेच राहील अशी अट) नसलेला. वर २०२८ आणि २०३०चे स्वॅप (आपला पिक बक्सच्या पिकशी बदलायचा हक्क). कशासाठी? एक दिवस यानिस जाईल, बक्स तळाला जातील (तळाच्या संघांना निवड आधी मिळते) आणि तो पिक सोन्याचा होईल, या एकाच आशेवर. आणि तुम्ही म्हणता, ज्या दिवशी यानिस जाईल नेमक्या त्याच दिवशी तो पिक हाचिमुराच्या बदल्यात परत द्यावा! त्या दिवशी तर त्याचा भाव दुप्पट होईल.

माझा राग या एका प्रस्तावावर नाही. दोन संघांचं जमत नाही म्हणून तिसरा घुसवायचा, त्याचं जमत नाही म्हणून चौथा. आपल्या लाडक्या संघाला नको असलेलं सगळं त्यांच्या गळ्यात मारायचं आणि मग विचारायचं, ‘नाही कोण म्हणेल?’ सगळे म्हणतील.

लेकर्सवेडा_ठाणे

अरे वा, माझ्यासाठी अख्खा धागा! आभारी आहे.

२०२५चा ऑगस्ट आहे, सामने नाहीत, माणसाने स्वप्नंही बघायची नाहीत का? आणि २ फेब्रुवारी २०२५च्या आधी कोणी ‘लुका लेकर्सकडे, डेव्हिस डॅलसकडे, मध्ये युटा’ असं इथे लिहिलं असतं तर तुम्हीच पहिले हसला असता. युटाला काय मिळालं त्यात? हूड-शिफिनो आणि दोन सेकंड राउंड पिक. ते तर गपचूप हो म्हणाले.

गोखलेनगरचा_गार्ड

युटाने काय दिलं ते पण सांगा. जवळजवळ काहीच नाही. तुम्ही पोर्टलंडकडून त्यांचा सगळ्यात किमती पिक मागताय. यातला फरक दिसत नसेल तर बोलणं खुंटलं.

आणि निको हॅरिसनने (लुकाला देणारा डॅलसचा तेव्हाचा मॅनेजर) केलेला ट्रेड हा पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही.

ह्यूस्टनकर

इथे टेक्सासात बसून सांगतो, ड्युरांट आमच्याकडे सात संघांच्या ट्रेडमधून आला. २०२५च्या जुलैत. सात! लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. त्याआधीच्या उन्हाळ्यात क्ले थॉम्पसन डॅलसला गेला तो सहा संघांचा. त्यामुळे ‘चार संघ म्हणजे पोरखेळ’ हे २०१५ साली ठीक होतं, आता नाही.

दुसरा_एप्रन

ह्यूस्टनकर, अर्धवट माहिती. ड्युरांटचा खरा सौदा ह्यूस्टन आणि फिनिक्स या दोघांचाच होता: जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, दहावा पिक आणि पाच सेकंड राउंड पिक. बाकीचे संघ बहुतेक ड्राफ्टच्या रात्रीच्या बारीकसारीक व्यवहारांसाठी आणि कॅपेला नावाच्या खेळाडूसाठी त्याच कागदावर आले. सात संघ एका टेबलाभोवती बसून यानिसएवढ्या माणसाचा भाव ठरवत नव्हते.

पण धागाकर्त्यांनाही एक ऐकवायचंय. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३च्या करारानंतर बहुसंघी ट्रेड ही चैन राहिलेली नाही, कित्येकदा गरज आहे. सेकंड एप्रनच्या (संघाच्या एकूण पगारखर्चाची वरची मर्यादा) वर असलात की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, दिला त्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही. मग पगाराच्या कॅपमध्ये जागा असलेला कोणीतरी शोधावाच लागतो. स्टेपियन नियम वेगळाच: लागोपाठ दोन वर्षं फर्स्ट राउंड पिकशिवाय राहता येत नाही. लेकर्सचा २०२७चा पिक युटाकडे अडकलाय, २०२९चा डॅलसकडे, म्हणून २०३१ किंवा २०३२ यातला एकच देता येतो. प्रस्तावात एकच फर्स्ट दिसतो तो कंजूषपणा नाही.

लेकर्सवेडा_ठाणे

बघा! कोणीतरी अभ्यास केलेला माणूस बोलला.

दुसरा_एप्रन

तुमच्या बाजूने बोललो नाही हो. रीव्जने वाढीव करार नाकारलाय, २०२६च्या उन्हाळ्यात तो मोकळा होऊ शकतो. यानिस देऊन एका वर्षाचा रीव्ज घ्यायचा? मिलवॉकीतले लोक बक्सच्या मॅनेजर होर्स्टला लेक मिशिगनमध्ये बुडवतील.

झोन_डिफेन्स

डिलन ब्रुक्सचं नाव निघालंच आहे तर २०१८चा डिसेंबर आठवा. फिनिक्स, वॉशिंग्टन आणि मेम्फिस. अरीझा वॉशिंग्टनला, ऊब्रे मेम्फिसला, आणि मेम्फिसकडून फिनिक्सला ‘ब्रुक्स’. फिनिक्सला वाटलं डिलन, मेम्फिस म्हणे आम्ही मार्शन ब्रुक्स देतोय. दोघे एकमेकांशी बोललेच नव्हते, सगळे निरोप वॉशिंग्टनमार्फत. बातमी फुटली आणि ट्रेड मोडला. जितके संघ जास्त तितके असे घोळ.

गंमत म्हणजे तोच डिलन आता सात संघांच्या ट्रेडमधून फिनिक्सला पोचला. उशिरा का होईना.

स्वरदा

सगळे मिळून माणसांचा बाजार मांडलाय आणि कोणाला काही वाटत नाही. श्रोडर २०२४-२५च्या सीझनमध्ये ब्रुकलिनहून गोल्डन स्टेट, तिथून कागदोपत्री युटा, तिथून डेट्रॉइट. त्याला मुलंबाळं आहेत. माझे वडील एका सरकारी बँकेत होते. आमची दहावी, बारावी, आजीचं आजारपण, सगळ्याच्या मध्ये बदलीची ऑर्डर यायची. आई एकटी सगळं ओढायची. ‘हा कचरा ब्रुकलिनला टाका’ असं वाचलं की डोकं फिरतं.

दुसरा_एप्रन

मिलियन डॉलर्स मिळतात हो. तुमच्या बाबांना तेवढे मिळत असते तर आईने स्वतः बॅगा भरल्या असत्या.

स्वरदा

माझ्या आईने काय केलं असतं ते तुम्ही मला सांगू नका.

दुसरा_एप्रन

आईबद्दलचं वाक्य मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. बँकेत प्रमोशन नाकारून बदली टाळणारे शेकड्याने आहेत, खेळाडूला तो मार्गही नाही हे खरं. नो-ट्रेड क्लॉज (संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही ही अट) लेब्रॉनसारख्या एखाद्यालाच मिळतो. पण हे सगळं खेळाडूंच्या संघटनेने सही केलेल्या करारात आहे, आणि त्या बदल्यात उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा वाटा त्यांना मिळतो.

ह्यूस्टनकर

दुसरी बाजूही आहे, स्वरदाताई. जानेवारी २०२१ला हार्डन आमच्याकडून ब्रुकलिनला गेला, चार संघांचा ट्रेड. त्यात कॅरिस लव्हर्ट इंडियानाला गेला आणि तिथल्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या मूत्रपिंडावर गाठ सापडली. कॅन्सर होता. शस्त्रक्रिया झाली, मार्चमध्ये पोरगा परत कोर्टवर. ट्रेड झाला नसता तर ती गाठ कधी कळली असती देव जाणे.

स्वरदा

म्हणजे बदली आरोग्याला चांगली. बरं.

वानखेडे_पूर्व

आपल्या आयपीएलमध्ये निदान खेळाडूची संमती लागते. २०२३च्या नोव्हेंबरात मुंबईने कॅमेरून ग्रीन १७.५ कोटींना बंगळूरुला दिला आणि त्या जागेत गुजरातकडून हार्दिक १५ कोटींना आणला. तीन संघांचाच ट्रेड की तो! मग वानखेडेवर हार्दिकला ज्या शिव्या पडल्या...

गोखलेनगरचा_गार्ड

नको. हार्दिक नको. रोहितची कॅप्टन्सी इथे निघाली तर धागा दिवाळीपर्यंत चालेल.

वानखेडे_पूर्व

रोहितला काढायला नको होतं, एवढंच म्हणून थांबतो.

मास्तर_थ्रीपॉइंट

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. बदलीवर बोलायचा हक्क इथे माझ्याइतका कोणालाच नाही.

नेमणूक गडचिरोलीत, घर साताऱ्यात. आपसी बदलीसाठी जोडीदार शोधत होतो. साताऱ्याहून गडचिरोलीला यायला कोण तयार होणार? शेवटी व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्रिकोण जुळवला. साताऱ्यातल्या एका सरांची बायको नागपूरला नोकरीला, त्यांना नागपूर हवं. नागपूरच्या एक बाई मूळच्या माझ्या शाळेच्याच तालुक्यातल्या, त्यांना गडचिरोली चालेल. रात्र-रात्र फोन. नियमात कसं बसवायचं ते पुढे बघू म्हटलं, आधी तिघे तर तयार होऊ देत. कागदावर इतकं चोख दिसत होतं की मी घरी सांगूनही टाकलं.

बाईंनी नाही म्हटलं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, नागपूर सोडायचं नाही. संपलं. मी आणि साताऱ्याचे सर एकमेकांना फोन करून हळहळत बसलो, पण बाईंना दोष कसा देणार? आम्ही दोघांनी त्यांना आमच्या सोयीसाठी मध्ये घातलं होतं. त्यांना खरंच काय हवंय ते कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा लेकर्सवेडा साहेब, पोर्टलंडच्या सासूबाईंना आधी विचारा.

झोन_डिफेन्स

+१. मास्तर, अजून गडचिरोलीतच का?

मास्तर_थ्रीपॉइंट

हो. शाळेच्या अंगणात रिंग लावलीय. जाळी नाही.

लेकर्सवेडा_ठाणे

सगळे माझ्यावर तुटून पडलात, ठीक. पण धागाकर्त्यांना एक विचारतो. मिलवॉकीने यानिस दिलाच, तर त्यांना तळाला जाऊन काय फायदा? लिलार्डला करार संपायच्या आधीच सोडल्यामुळे २०३०पर्यंत दरवर्षी २२.५ मिलियन डोक्यावर, आणि स्वतःचा पिक स्वतःकडे नाही. म्हणजे जो कोणी यानिसला नेईल, त्याला पोर्टलंडशी बोलावंच लागेल. तिसरा संघ मी हौस म्हणून घातला नाही. बक्सचे पिक ज्याच्याकडे आहेत तोच घातला. तुम्ही अख्खा लेख लिहिलात पण हे सोयीस्करपणे गाळलंत.

दुसरा_एप्रन

हे बरोबर आहे. इच्छा नसताना लिहितोय, पण बरोबर आहे.

गोखलेनगरचा_गार्ड

पोर्टलंड हवाच, एवढं दिलं तुम्हाला. घ्या, फ्रेम करून लावा. पण मग किंमतही पोर्टलंडच्या मनासारखी द्या. त्यांच्याकडे जेरामी ग्रँटचे २०२५-२६चे ३२ मिलियन आहेत आणि त्यावर अजून वर्षं बाकी. तो करार कोणी उचलणार असेल तर त्यांचा मॅनेजर क्रोनिन फोन घेईल. हाचिमुरासाठी फोन वाजत राहील.

ह्यूस्टनकर

पोर्टलंडची कमाल बघा. २०२३ला लिलार्ड दिला, त्यात हॉलिडे आला, चार दिवसांत तो बोस्टनला पाठवला आणि बोस्टनने पुढच्याच वर्षी ट्रॉफी उचलली. आता २०२५च्या उन्हाळ्यात लिलार्ड आणि हॉलिडे दोघेही पोर्टलंडमध्ये. आणि त्याच ट्रेडमधून मिळालेला एटन लेकर्सकडे.

लेकर्सवेडा_ठाणे

ग्रँट? ग्रँट घेतला तर यानिसच्या शेजारी उभं करायला माणसं कुठून आणू? एप्रन फाटेल.

थांबा, डेट्रॉइटला घालून बघतो. रात्री नवा धागा काढतो.

गोखलेनगरचा_गार्ड

संपादक, यांचं खाते उद्या सकाळपर्यंत बंद ठेवता येईल का?