मदत हवी आहे : हा कागद नोटरी करून कोठे मिळेल?

परळकर : वडिलांच्या पश्चात घर आईच्या नावावर करण्यासाठीचा कागद तयार आहे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्याही आहेत, तरीही काल फोर्टमधल्या नोटरीने पाकीट माझ्याकडे परत सरकवले आणि रजिस्टरच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवून "इथे सही कोण करणार?" एवढेच विचारले. सोसायटीची सभा पंधरा दिवसांवर आली आहे. हे काम करून देणारा नोटरी ठाऊक असल्यास कृपया लगेच कळवावे.

चौकस : कागद कोणता, सही कोणाची आणि ती व्यक्ती नोटरीसमोर का गेली नाही, हे तिन्ही आपण गाळले आहे.

दादरची मावशी : आईचे मृत्युपत्र आताच करून घ्या. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी ऐच्छिक असते आणि नोटरीची गरज नसते.

चौकस : मावशी, मृत्युपत्राचे कोणी विचारलेलेच नाही.

परळकर : हक्कसोडपत्र आहे. सही बहिणीची आहे. ती न्यू जर्सीत असते, त्यामुळे कागद कुरिअरने आला. हे वेगळे सांगावे असे वाटले नाही.

बोरीवलीकर : उगाच घोळ घालू नका. माझ्या भावाचा असाच कागद कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका नोटरीने दहा मिनिटांत करून दिला होता.

निवृत्त कारकून : त्या नोटरीने चूक केली, परळकरांच्या नोटरीने नाही. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. नोटरीच्या शिक्क्याने ते काम भागत नाही. बहिणीला येणे शक्य नसेल, तर तिने तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर मुखत्यारपत्र करावे, नोटरीचे असल्यास त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तेथील सरकारने दिलेले प्रमाणपत्र, घ्यावे, आणि ते येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तुम्ही त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुखत्यार मात्र आत्या किंवा मामा असावेत. हक्क जिच्या पदरात पडणार, त्या आईनेच बहिणीच्या वतीने सही करणे बरे दिसत नाही.

बोरीवलीकर : आमचा कागद भावाच्या कपाटात आहे आणि आजवर तो कोणी मागितलेला नाही.

निवृत्त कारकून : म्हणजे अजून घर विकायला काढलेले नाही.

दादरची मावशी : वडिलांनी सोसायटीत आईचे नामनिर्देशन केले होते का? केले असल्यास सोसायटी तिला तात्पुरती सभासद करून घेऊ शकते, म्हणजे सभेसाठी धावपळ नको. बहिणीचा वारसाहक्क मात्र तेवढ्याने संपत नाही.

परळकर : नामनिर्देशन आईचेच आहे, हेही लिहायचे राहिले. मावशी, आभारी आहे. बहिणीला रात्री मुखत्यारपत्राविषयी कळवले, तेव्हा ती म्हणाली की डिसेंबरात ती मुंबईला येणारच आहे. तिकिटे मे महिन्यातच काढली आहेत.

चौकस : मग मुखत्यारपत्र कशाला? तिने स्वतः दुय्यम निबंधकासमोर सही आणि अंगठा द्यावा, ओळख पटवणारे दोघेजण सोबत न्यावेत, आणि कुरिअरने आलेल्या कागदाचा उपयोग आता केवळ मसुदा म्हणून करावा.