लग्नासाठी अस्सल कोल्हापुरी: ओळखायची कशी, मुरवायची कशी?

नवखा_पायताणवाला: वैशाखात लग्न आहे, हातात तीन आठवडे. कुर्ता-पायजम्यावर कोल्हापुरी घालायचीय, नंतर ऑफिसला लिननच्या पँटवरही चालली तर उत्तम. बूट 9 नंबरचा लागतो. ऑनलाइन सगळ्याच 'अस्सल' म्हणून विकतात. ओळखायची कशी? आणि अंगठा सोलून निघू नये म्हणून काय करायचं?

वादी_शिलाई: आधी चप्पल उलटी करून तळ बघा. हाताच्या कामात तळाचे थर चामड्याच्याच बारीक वादीने शिवलेले असतात आणि टाके थोडे कमी-जास्त असतात. एकसारखा नायलॉनचा दोरा किंवा खिळे दिसले तर ते काम वेगळं. मग कड बघा. चामड्याचे थर तंतुमय दिसतात. मध्ये पुठ्ठा असेल तर नखाने भुगा निघतो. तळाच्या खालच्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं पाणी पितं, डाग गडद होतो. रेक्झिनवरून थेंब ओघळतो. वरच्या बाजूला हा प्रयोग नको, पॉलिशमुळे खरं चामडंही पाणी धरत नाही.

2019 साली भौगोलिक मानांकन (ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं, त्याची सरकारी नोंद) मिळालं ते 8 जिल्ह्यांना: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणून बागलकोटकडची जोडी दिसली की 'डुप्लिकेट' म्हणून नाक मुरडू नका. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये असल्याच चपला झळकल्या, त्यावरून वाद झाला आणि तेव्हापासून नकली मालही 'इटलीत गेलेली डिझाइन' म्हणून खपवतात. त्या पाटीचे जास्त पैसे देऊ नका.

मापात_पाय: बुटाचा नंबर विसरा, कारागीर बदलला की नंबरही बदलतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना कागदावर उभं राहून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये माप घ्या आणि दुकानदाराला तेच सांगा. घातल्यावर टाचेमागे 3-4 मिलिमीटर तळ दिसावा. पट्टा मात्र पहिल्या दिवशी घट्टच हवा. पट्टा आणि चपलेचा अंगठा (पायाचा अंगठा अडकवायचं कडं) सैल पडतात, तळाची लांबी वाढत नाही. सैल बसते म्हणून आरामदायक वाटलेली जोडी महिन्याभरात पायातून निसटते.

तेलपाणी: मुरवायला तीन आठवडे पुरतात. रात्री कापसाच्या बोळ्याने चपलेच्या अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून एरंडेलाचे 4-5 थेंब चोळा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. पहिले 5 दिवस घरातच, रोज अर्धा तास. मग तास-दीड तास. तेल तीन-चार दिवसांनी एकदाच. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात आधीच कागदी चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

वादी_शिलाई: तेल तळाला लावू नका, एवढी भर घालतो. तळ मऊ पडतो, थरांमधली खळ सुटते आणि धूळ बसून कड काळी होते. रात्रभर पाण्यात भिजवायचा सल्लाही कुणी देईल. चामडं फुगतं आणि वाळताना वेडंवाकडं होतं, तेव्हा तो ऐकू नका.

नवखा_पायताणवाला: आभार! कर्रकर्र आवाज येतो तो दोष समजायचा का? आणि पावसाळ्यात ऑफिसला?

मापात_पाय: दोष कसला, थर एकमेकांवर घासतात म्हणून वाजते. हौशी लोक मुद्दाम वाजणारी मागतात. ऑफिसात नको असेल तर दुकानातच चालून बघा. पॉलिश केलेल्या फरशीवर मात्र चामड्याचा तळ घसरतो. चांभाराकडून 2 मिलिमीटरचा रबरी तळ चिकटवून घ्या, पण खिळे ठोकू देऊ नका, चामडं चिरतं. पँट घोट्याच्या जरा वरच संपू द्या, नाहीतर मागची कड टाचेखाली येते.

तेलपाणी: पावसात ती बाहेर काढूच नका. भिजलीच तर कोरड्या फडक्याने टिपून, आत वर्तमानपत्र कोंबून, सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने तडे जातात. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. जुन्या सुती कापडात गुंडाळा. आणि लाल गोंड्याची घेत असाल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने गोंडा आधी चोळून बघा. रंग सुटला तर लग्नात घामाने पांढऱ्या पायजम्याची कड गुलाबी होईल.