सल्ला हवा: ‘खरा रॉक’ विरुद्ध ‘गर्दीचा रॉक’, दोन तासांच्या बैठकीत काय आणि कसं लावावं?

गावभाग_सांगली:
नमस्कार मंडळी. आम्ही नऊजण महिन्यातून एका शनिवारी सांगलीच्या विश्रामबागेत जमून रॉक ऐकतो. खोली १२ बाय १४, खाली फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट. बुकशेल्फ स्पीकरची जोडी, साधा स्टीरिओ ॲम्प्लिफायर, गाणी फोनवरून वायरने. गटात सरळ दोन तट आहेत. एका तटाला ज्या बँडचे टीशर्ट बाजारात मिळतात तो बँड खोटा वाटतो. दुसऱ्याच्या मते जे गुणगुणता येत नाही ते गाणंच नाही. चौथ्या गाण्यानंतर ऐकणं संपतं आणि नुसती नावांची फेकाफेक उरते. ऐकूनच वाद घालता येईल असा कार्यक्रम सुचवा. ‘लेड झेपेलिन लावा’ एवढ्यावर सोडू नका, नेमकं रेकॉर्डिंग सांगा.

जवारी_मिरज:
आधी आवाजाची पातळी, मग गाणी. हे उलटं केलंत तर बैठक फुकट जाईल. दोन रेकॉर्डिंगमध्ये एखाद-दोन डेसिबलचा फरक असला तरी कानाला मोठं वाजणारं ‘जास्त जिवंत’ वाटतं, आणि ते मोठं वाजतंय हे ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. १९९० नंतरची बरीच रेकॉर्डिंग दाबून मोठी केलेली असतात. जुन्या तबकडीशेजारी ती सरळ लावली की सामना सुरू होण्याआधीच निकाल लागतो.

स्पॉटिफाय असेल तर ॲपमध्ये नॉर्मलायझेशन चालू ठेवा, पातळी ‘नॉर्मल’. त्याने सगळं उणे १४ लुफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास येतं. क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं सुरू होणं) आणि इक्वलायझर बंद. गाण्यांची स्वतंत्र प्लेलिस्ट करा; सलग अल्बम वाजत असेल तर ॲप गाण्यागाण्याचं नव्हे, अख्ख्या अल्बमचं माप धरतं. तरी भरवसा ठेवू नका. दुसऱ्या एका फोनवर ध्वनिमापक ॲप घ्या, तो फोन मधल्या खुर्चीवर एकाच जागी ठेवा आणि प्रत्येक गाण्याच्या भरगच्च भागाची ३० सेकंदांची सरासरी घ्या. फोनचा आकडा अचूक नसतो, पण दोन गाण्यांतला फरक पुरेसा बरोबर येतो. तो अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. ७५ ते ७८ वर दोन तास निवांत ऐकता येतं, ८५ च्या वर नेऊ नका.

आता गाणी. दोन-दोन गाण्यांच्या जोड्या लावून तुलना करा. पहिली जोडी निर्वाणा या एकाच बँडची: एक अल्बम घासूनपुसून केलेला, दुसरा कच्चा ठेवलेला. ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) बुच विगने रेकॉर्ड केला आणि अँडी वॉलेसने मिक्स केला (म्हणजे सुटे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवले). ‘इन युटेरो’ (१९९३) स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केला. वाजवणारे तेच तिघे. पहिल्यातून ‘इन ब्लूम’, दुसऱ्यातून ‘सर्व्ह द सर्व्हंट्स’. ‘इन युटेरो’मधलं ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ किंवा ‘ऑल अपॉलॉजीज’ मात्र घेऊ नका. ती दोन गाणी नंतर स्कॉट लिटने पुन्हा मिक्स केली, म्हणजे ज्या फरकासाठी जोडी लावायची तोच पुसट होतो.

काय ऐकायचं ते आधीच कागदावर द्या. एक: ड्रमच्या फटक्यानंतर खोलीचा आवाज येतो की फटका जागच्या जागी संपतो? अल्बिनी वाद्याजवळच्या माइकबरोबर खोलीतही लांब माइक ठेवायचा, ते लगेच कळतं. दोन: गळा एक आहे की दोन? ‘इन ब्लूम’च्या ध्रुवपदात शब्दांच्या शेवटचे ‘स’ आणि ‘ट’ धरा. तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवलेली असली की तिथे कडा किंचित फाटते, एक ‘स’ केसभर आधी सुटतो. हे हेडफोनवर चटकन पकडता येतं, म्हणून एक हेडफोन फिरवत ठेवा. बँडचा गायक कोबेन याला तयार नव्हता. जॉन लेननही असंच करायचा हे सांगून विगने त्याला राजी केलं. शुद्धतेचा आग्रह स्टुडिओत कसा वाकतो ते या एका ‘स’मध्ये ऐकू येतं.

गुण देऊ नका. गाणं संपलं की एक मिनिट गप्प राहून लिहायचं, मग बोलायचं. पहिला जो बोलतो त्याचंच मत खोलीभर पसरतं.

आठ गाणी पुरे. दोन तासांत त्याहून जास्त नीट ऐकून होत नाहीत.

साडेतीन_मिनिटं:
वरच्याला जोडून एक जोडी, जी दोन्ही तटांना हलवेल. द बर्ड्सचं ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’ (१९६५) आणि द मंकीजच्या ‘हेडक्वार्टर्स’ (१९६७) मधलं कुठलंही गाणं. मंकीज टीव्ही मालिकेसाठी गोळा केलेला बँड, आजही लोक नाव घेताना नाक मुरडतात. बर्ड्स म्हणजे फोक-रॉकचं मूळपीठ. प्रत्यक्षात बर्ड्सच्या त्या गाण्यात बँडपैकी फक्त रॉजर मॅग्विनने वाद्य वाजवलंय, ती बारा तारांची गिटार. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल, दोघेही भाडोत्री स्टुडिओ वादक. आणि मंकीजनी आधीच्या दोन अल्बमनंतर कंपनीशी भांडून ‘हेडक्वार्टर्स’वर बहुतेक वाद्यं स्वतः वाजवली. तिथे ड्रम थोडे डळमळतात, तेही ऐकवा. तो डळमळाट खरा आहे.

श्रेयनामावली आधी सांगू नका. वादन कुणाचं घट्ट आणि कुणाचं ढिलं एवढंच लिहून घ्या आणि मग कागद उघडा. ‘खरा बँड म्हणजे स्वतः वाजवणारा’ ही व्याख्या ज्यांची असेल त्यांना इथे काहीतरी सोडावं लागेल: एक तर व्याख्या, नाही तर बर्ड्स.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलही घ्या. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या दलदलीची गाणी गाणारी ही पोरं सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एल सेरिटोची. १९६९ या एका वर्षात तीन अल्बम, आणि तिन्ही तुफान खपले.

चौथी_तार:
मंडळी, नाव झाकून ऐकायचं मला निम्मंच पटतं. कुठल्या जागी, कुणासमोर, काय पणाला लावून वाजवलं हा गाण्याचाच भाग असतो. बॉब डिलनची १७ मे १९६६ ची मँचेस्टरची मैफल घ्या. १९९८ मध्ये ती दोन सीडींत अधिकृत निघाली. पहिलीत तो एकटा, अकूस्टिक गिटार आणि माउथऑर्गन. दुसरीत विजेची गिटार आणि मागे अख्खा बँड. गाणारा तोच, रात्र तीच. दुसऱ्या सीडीत शेवटच्या गाण्याआधी प्रेक्षकांतून ‘ज्यूडास!’ (येशूला दगा देणारा शिष्य) अशी आरोळी येते, ती स्पष्ट ऐकू येते. दोन्हींतलं एकेक गाणं सलग लावा, पण नाव, तारीख, जागा सगळं आधी सांगून. अस्सल म्हणजे लाकडाची गिटार असं मानणारा श्रोता विजेच्या गिटारला गद्दार म्हणत होता, आणि आज त्याच विजेच्या गिटारला आपले लोक अस्सल म्हणतात.

आपल्याकडे काय वेगळं झालं? नाट्यपदाला हलकं म्हणणारे सांगलीत कमी नव्हते. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी घराघरांत गेली ती तीन-साडेतीन मिनिटांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून. लोकप्रिय झाली म्हणून तिच्यातला सूर कमी झाला नाही.

जवारी_मिरज:
पटलं. मग दोन भाग करा: पहिला तास नाव झाकून, दुसरा सगळं सांगून. पण क्रम बदलू नका. एकदा नाव कळलं की ते कानातून काढता येत नाही.

‘यांना तीनच कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) येतात’ असं कुणी म्हणेल, त्यासाठी एक गोष्ट हाताशी असू द्या. तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) दोरा नेमक्या जागी आला की तार खुलते, एका स्वरातून वरचे कितीतरी स्वर सुटतात. ॲम्प्लिफायर कुवतीपलीकडे ताणला की गिटारच्या स्वरातही असेच वरचे स्वर भरतात. म्हणून जड गिटारवर बहुतेकदा सा आणि प एवढेच एकत्र वाजतात. त्यात गंधार घातला की वरचे स्वर एकमेकांवर आदळून चिखल होतो. ते ‘सोपं’ वाजवणं कान ठेवून केलेली निवड आहे. कुणाकडे गिटार आणि छोटा ॲम्प असेल तर दोन्ही वाजवून दाखवा, दहा सेकंदांत पटतं.

गावभाग_सांगली:
यादी जमतेय, आभारी आहे. दोन शंका. आमच्यातले दोघं पहिल्या ठोक्याला गाणं ओळखतात, मग नाव झाकून काय उपयोग? आणि देशी काही?

साडेतीन_मिनिटं:
ओळखणाऱ्या दोघांना गाणी लावायचं आणि आवाज मोजायचं काम द्या, त्या फेरीत त्यांनी मत द्यायचं नाही. बाकीच्यांसाठी गाजलेली गाणी दुसऱ्या तासात ढकला. ‘इन युटेरो’ शोधताना ‘२०१३ मिक्स’ असं लिहिलेलं घेऊ नका, ते नव्याने केलेलं मिक्स आहे, मूळ वेगळं आहे. यूट्यूबवरून लावलंत तर पडदा झाकून ठेवा आणि मध्ये जाहिरात येणार नाही याची सोय करा.

देशीसाठी इंडियन ओशनचं ‘कंदिसा’ (२०००). केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या अरामी प्रार्थनेवर रचलेलं, शब्द बहुतेकांना कळत नाहीत तरी गर्दी सोबत गाते. दोन्ही तटांच्या व्याख्येत ते बसत नाही, म्हणून शेवटी लावा.

चौथी_तार:
ते लोखंडी कपाट आधी गप्प करा. बासचा एखादा खालचा स्वर त्याच्या कंपनसंख्येशी जुळला की दार थरथरतं आणि लोक म्हणतात रेकॉर्डिंग वाईट. आदल्या दिवशी बास भरपूर असलेलं गाणं लावून दारावर तळहात ठेवा. जिथे झणझण लागेल तिथे फटीत कागदाची चौपदरी घडी सरकवा, आतले हँगर काढून ठेवा. स्पीकर भिंतीपासून किमान एक फूट पुढे, ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मधल्या फरशीवर सतरंजी पसरा आणि स्पीकरसमोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा, नाहीतर अल्बिनीने पकडलेली खोली ऐकू येण्याऐवजी तुमचीच खोली ऐकू येईल.