मदत हवी आहे: हौशी शोधक असलेल्या खुसखुशीत ब्रिटिश खूनकथा सुचवा

वाचनगटासाठी सहा कादंबऱ्या निवडायच्या आहेत. तपास करणारा पोलीस नको, हौशी माणूस हवा. आणि विनोद नुसता तोंडी लावायला नको, रहस्याचा धागा त्यातच लपलेला हवा. ॲगाथा ख्रिस्तींच्या 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'मध्ये (१९३०) पाद्रीबुवांच्या अभ्यासिकेतलं घड्याळ मुद्दाम पाव तास पुढे ठेवलेलं असतं, त्यांनी वेळ पाळावी म्हणून. वाचताना हसू येतं, आणि खुनाची वेळ ठरवताना नेमकं तेच आडवं येतं. अगदी असं हवंय, म्हणून यादीत हे पहिलं!

एडमंड क्रिस्पिनचं 'द मूव्हिंग टॉयशॉप' (१९४६) पक्कं. ऑक्सफर्डमध्ये रात्री खेळण्यांच्या दुकानात प्रेत, सकाळी त्याच जागी किराणा दुकान. धमाल भरपूर, पण योगायोगही बरेच. म्हणून जोडीला घट्ट विणीचं काहीतरी लागेल.

अडचण लेखिका डोरोथी सेयर्सची आहे. तिचा हौशी शोधक पीटर विम्सी आणि रहस्यकथा लिहिणारी हॅरिएट व्हेन यांची चार पुस्तकं 'स्ट्राँग पॉयझन'पासून (१९३०) क्रमानेच वाचावी लागतात, नाहीतर त्यांच्या नात्यातली गंमत कळत नाही. तिसऱ्या 'गॉडी नाइट'मध्ये (१९३५) तर खूनच नाही. त्यामुळे जाहिरात कंपनीत घडणारं, स्वतंत्र वाचता येणारं 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज' (१९३३) घ्यावं असं वाटतं. पटतंय का?

उरलेल्या तीन जागांसाठी १९५० नंतरची नावं सांगा. शेवटच्या प्रकरणाआधी सगळे पुरावे वाचकासमोर आलेले असावेत. ऑडिओबुक सुचवलंत तर असंक्षिप्तच सांगा. काटछाटीत आधी गप्पा उडतात, आणि दुवा बहुतेक वेळा तिथेच असतो.