स्ट्रॉबेरी-क्रीम चीज आईस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होतात, काय चुकतंय?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी वाईची. नणंदेचं शेत भिलारला, त्यामुळे थंडीत घरात स्ट्रॉबेरीला तोटा नाही. जॅम झाला, क्रश झाला. सासूबाईंचे दात गेलेत, पण आईस्क्रीमवर त्यांचा फार जीव. येत्या १६ तारखेला त्यांची पंचाहत्तरी आहे, म्हणून क्रीम चीज घालून आईस्क्रीम करायचं ठरवलं.

दोनदा केलं, दोन्ही वेळा फसलं. २०० ग्रॅम क्रीम चीज फ्रिजमधून काढून थेट मिक्सरमध्ये टाकलं, त्यात फ्रेश क्रीमचं २५० मिलीचं खोकं, अर्धा किलो कच्च्या स्ट्रॉबेरीचा गर आणि चार चमचे पिठीसाखर (फळ गोड होतं म्हणून हात आखडता घेतला). रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर सकाळी चमचा आत शिरेना. सुरीने कापलं तेव्हा गुलाबी बर्फाच्या चकत्या, आणि मधे साबुदाण्याएवढे चीजचे पांढरे दाणे. दुसऱ्यांदा दर दोन तासांनी काढून मिक्सरमधून फिरवलं. दाणे थोडे कमी झाले, खडे तसेच.

चव मात्र इतकी छान होती, आंबटगोड आणि मागून किंचित खारट, की सोडवत नाही. घरात मशीन नाही. माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा लाकडी पॉट आहे. तो काढू का?

खडेमीठ (मिरज):
ताई, चूक तुमच्या हाताची नाही, पाण्याची आहे. स्ट्रॉबेरीत शंभरातले नव्वद भाग पाणी. अर्धा किलो कच्चा गर घातला म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर पाणीच घातलं, ते गोठणारच. त्यात साखर कमी. आईस्क्रीममध्ये साखर नुसती गोडीसाठी नसते. ती विरघळलेली असली की सगळं पाणी दगडासारखं गोठत नाही, म्हणून चमचा आत जातो. फळ कितीही गोड असलं तरी साखरेत हात आखडायचा नाही.

आमच्याकडे गेली पंधरा-सोळा वर्षं दर उन्हाळ्यात होतं, ते असं:

४०० ग्रॅम स्ट्रॉबेरी चिरून ८० ग्रॅम साखर लावून अर्धा तास ठेवा. पाणी सुटलं की जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. वजन निम्म्यावर यायला हवं, २०० ग्रॅमच्या आसपास. कसं ओळखायचं? कालथा पातेल्याच्या तळावरून ओढा. मागे वाट उघडी राहिली आणि दोन-तीन सेकंदांनी मिटली, की गॅस बंद. जॅमइतकं घट्ट करू नका, नाहीतर ताज्या फळाचा वास जातो. चमचाभर लिंबाचा रस घाला, रंग उजळतो. मग पूर्ण गार करा. कोमट असताना मिसळाल तर सगळं पातळ होईल.

दाण्यांचं कारण वेगळं. गार क्रीम चीज मोडतं, पसरत नाही. तासभर ओट्यावर ठेवा, मग एकट्यालाच परातीत तळहाताने फेसा, श्रीखंडाचा चक्का फेसतो तसं. बोटाला कण लागेनासा झाला की २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क (अर्धा डबा) थोडं थोडं घालत एकजीव करा आणि चिमूटभर मीठ टाका.

क्रीमचंही बघा. खोक्यातलं फ्रेश क्रीम २५ टक्के स्निग्धांशाचं असतं, ते फुलत नाही. केकचं सामान मिळतं तिथे ३५ टक्क्यांचं दुधाचं व्हिपिंग क्रीम मागा. वनस्पती तेलाचं नको, जिभेवर मेणासारखं बसतं. २५० मिली गारेगार क्रीम मऊ शिखरं येईपर्यंत फेटा, हलक्या हाताने चीजमध्ये मिसळा आणि शेवटी फळ घाला. पूर्ण घोटू नका, रेघा राहू द्या.

चक्कावाली:
क्रीम चीज महाग वाटलं तर घट्ट चक्का घ्या. मी लिटरभर दही रात्रभर पंचात टांगून वर वरवंटा ठेवते, पाण्याचा थेंब राहत नाही. मात्र दही गोडसर हवं, आंबट दह्याचं आईस्क्रीम घशाशी येतं. पनीर वाटून घातलं तर रवाळ लागतं, तो प्रयोग करू नका. अननस घालायचा असेल तर शिजवूनच. कच्च्या अननसाने दही-चीज कडू होतं, माझं एक पातेलं टाकून द्यावं लागलं.

मनिलावासी:
इथे मनिलात ढकलगाडीवर चीजचं आईस्क्रीम मिळतं, शेजारच्या डब्यात आंब्याचं. पिवळ्या आईस्क्रीममध्ये किसलेल्या चीजचे खारट तुकडे असतात आणि मुलं ते गोडसर पावात घालून खातात. सुरुवातीला मला विचित्र वाटलं होतं. आता सुट्टीत सांगलीला आलो की हापूसच्या आईस्क्रीमवर साधं चीज किसून घालतो. हापूसच्या गोडीला त्या खारटपणाने धार येते, खरंच करून बघा.

कृष्णाकाठ:
खडेमीठदादा, सगळं लिहून घेतलं. पॉटचं राहिलं की हो?

खडेमीठ (मिरज):
जरूर काढा. लाकडी बादली आधी रात्रभर पाण्याने भरून ठेवा, वाळलेल्या फळ्या फुगून फटी बुजतात. पॉटमध्ये करायचं तर क्रीम फेटू नका, मिश्रण पातळच ठेवून फ्रिजमध्ये चार तास गार करा. डबा पाऊण भरा. चार वाट्या फोडलेल्या बर्फाला एक वाटी खडेमीठ, असे थर द्या. मिठाने बर्फ वितळताना भोवतीची उष्णता ओढून घेतो आणि ते पाणी शून्याच्या खूप खाली जातं, म्हणून डबा गोठतो. मूठ जड लागेपर्यंत फिरवा, साधारण अर्धा तास. त्यापुढे फिरवलं तर लोणी सुटेल. फळ शेवटच्या पाच मिनिटांत घाला. झाकण उघडण्याआधी वरचं खारं पाणी फडक्याने नीट पुसा, एक थेंब आत गेला तरी मेहनत वाया.

कृष्णाकाठ:
काल झालं! पुतण्याने आणि मी आळीपाळीने फिरवलं, पस्तीस मिनिटं लागली. खडा नाही, दाणा नाही. सासूबाईंनी पॉट बघितला आणि आधी त्यालाच हात लावून बसल्या. दोन वाट्या खाल्ल्या. आता म्हणतात, सीताफळं आली की त्याचं कर. तो गरही असाच आटवायचा ना?

खडेमीठ (मिरज):
नाही, सीताफळ आचेवर अजिबात नेऊ नका, कडू होतं. बिया काढून गर कच्चाच, गार मिश्रणात. पाणी काढायचं तर दुधातलं काढा. दूध निम्मं आटवून पूर्ण गार करा, मग गर घाला. क्रीम चीज त्यात निम्मंच, १०० ग्रॅम. सीताफळाचा वास नाजूक असतो, चीजखाली दबून जातो.