चिनी रणगाडे: नुसती नक्कल की पद्धतशीर शिकणं?

चाकोरीबाहेर:
'चायना माल' म्हणून चिनी रणगाड्यांची टिंगल आपल्याकडे फार चालते. मला ती पटत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इनर मंगोलियातल्या बाओतौच्या कारखान्यात त्यांनी सोव्हिएत टी-५४ए जवळपास जसाच्या तसा उतरवला, तोच टाइप-५९. मग मॉस्कोशी बिनसलं, मदत आटली. १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या झेनबाओ बेटापाशी चकमक झाली आणि एक सोव्हिएत टी-६२ बर्फाखाली गेला. चिन्यांनी तो ओढून काढला, सुटा करून पाहिला, जमेल ते टाइप-६९ मध्ये वापरलं. ५४५ क्रमांकाचं ते धूड बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात ठेवलंय. पुढे ब्रिटिश १०५ मिमी तोफ, मग १२५ मिमी आणि ऑटोलोडर, म्हणजे तोफेत गोळा आपोआप भरणारं यंत्र. मिळेल तिथून घेतलं, पण कारखाना थांबू दिला नाही.

घिसाडी:
अहो, संचलनात सगळेच देखणे दिसतात. लोंगेवाला विसरलात? डिसेंबर १९७१, पाकिस्तानचे टाइप-५९ वाळवंटात उघड्यावर सापडले आणि जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी एकेक टिपले. १९९१ ला इराकच्या टाइप-६९ चं काय झालं, तेही जगाने पाहिलं. आणि २०१६ ला रशियातल्या टँक बायथलॉनमध्ये, म्हणजे रणगाड्यांच्या स्पर्धेत, टाइप-९६बी चं धावता धावता चाकच निखळलं!

चाकोरीबाहेर:
चाकाचं मान्य, मीही हसलो होतो. पण डोक्यावर स्वतःची विमानं नसतील तर लोंगेवालाला अमेरिकन पॅटन रणगाडे असते तरी तेच झालं असतं. तो दोष रणगाड्याचा कसा?

नगरी:
आमच्या नगरला रणगाडे लहानपणापासून बघतोय, म्हणून सांगतो: तोफेकडे सगळे बघतात, घोडं अडतं इंजिनाशी. पाकिस्तानच्या अल-खालिदचा आराखडा चिनी, पण १२०० अश्वशक्तीचं इंजिन युक्रेनचं. बरं, ऑटोलोडरही सोव्हिएत वळणाचा. गोळे माणसांच्या पायाखाली चक्रात रचलेले. तिथे आग पोचली की बुरूज, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, टोपीसारखा उडतो, युक्रेनमध्ये टी-७२ चे उडताना दिसले तसा. तो धोका चीनच्या टाइप-९९ नेही घरात घेतलाय.

चाकोरीबाहेर:
इंजिनाचा मुद्दा जुना झाला. थायलंडने युक्रेनचे ओप्लॉट रणगाडे वेळेत येईनात म्हणून चिनी व्हीटी-४ घेतले, त्याचं १२०० चं इंजिन चिनीच आहे. आणि लडाख? पठारावर चालावा म्हणून त्यांनी साधारण ३३ टनांचा, १००० अश्वशक्तीचा टाइप-१५ आधीच बनवून ठेवला होता. २०२० ला आपण टी-७२ आणि टी-९० वर चढवले. आपला २५ टनी झोरावर लोकांसमोर आला २०२४ मध्ये.

घिसाडी:
झोरावर आला ना? झपाट्याने आला. टाइप-१५ ने अजून कुठली लढाई मारलीय ते तरी सांगा.

नगरी:
लढाई दोघांनीही मारलेली नाही. आपल्या अर्जुन रणगाड्याला मंजुरी १९७४ ची, सैन्यात आला २००४ ला, तोही जर्मन इंजिन घेऊन.

घिसाडी:
बरं बाबा, अल-खालिदच्या इंजिनाला हसणार नाही. चाकाला मात्र हसणार.