सरकारी पैशावरचा रेडिओ बंद केला तर आपल्याकडे कोणाचं काय अडतं?

हर्णै_बंदर
नमस्कार मंडळी. गणपतीत आमच्या पडवीत झालेला वाद आहे, अजून मिटला नाही म्हणून इथे टाकतोय. मुंबईचा चुलतभाऊ आलेला, बाबांनी सकाळी सहाला रेडिओ लावला म्हणून आधीच वैतागलेला, आणि नाश्त्याला घावण्यांसोबत विषय भलतीकडेच गेला. त्याचं म्हणणं, बघा अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे १.१ अब्ज डॉलर कसे एका झटक्यात काढून घेतले, आपणपण आकाशवाणी-दूरदर्शनचा पैसा बंद करा, ऐकतंय कोण, आणि जे ऐकतात त्यांना सरकारचंच कौतुक ऐकायचं तर त्याला माझा टॅक्स कशाला.

बाबा एवढंच म्हणाले, "निसर्गात तुझा मोबाईल काय करत होता?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि आमच्या दापोली-मंडणगडची माडा-पोफळींची पार वाट लावून गेलं. आमच्या वाडीत लाईट यायला तीन आठवडे लागले, मोबाईलचा टॉवर चौथ्या दिवशी थोडा थोडा जागा झाला. त्या चार दिवसांत बाहेरचं जे काही कळलं ते बाबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर. मागचं झाकण केव्हाच हरवलंय, सेल पडू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचा रबर लावलाय. खिडकीत आडवा ठेवला की नुसती खरखर, जरा तिरका केला की आवाज मोकळा, मग अर्धी वाडी पडवीत जमायची आणि कोणी सेट हलवला की बाबा ओरडायचे.

पण खरं सांगू, भावाचा दुसरा मुद्दा मला खोडता आला नाही. सरकारच पैसे देणार तर रेडिओ सरकारविरुद्ध बोलणार कसा? आणि नक्की देतं कोण, किती? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, भाऊ दिवाळीला परत येणार आहे :)

खारा_वारा
मी त्या खात्यातला नाही, पण सासरे होते, त्यामुळे जेवताना हेच ऐकत आलोय. कागदावर आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्ही प्रसार भारती या संस्थेकडे. कायदा १९९० चा, अंमलात आला १९९७ ला, म्हणजे सात वर्षं तो नुसता कपाटात. स्वायत्त म्हणतात, पण ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत जे भरती झाले त्यांचा पगार केंद्र सरकार देतं, आणि यंत्रसामग्रीचा मोठा खर्चही तिथूनच. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने बिंड नावाची योजना मंजूर केली, २०२५-२६ पर्यंत २,५३९.६१ कोटी, त्यात एफएमचा पसारा वाढवणं आणि दुर्गम भागात फ्री डिशचे, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट डिश टीव्हीचे, बॉक्स वाटणं आलं. बाकी स्वतःची कमाई म्हणजे जाहिराती आणि फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव, खाजगी चॅनलवाले त्या जागेसाठी पैसे मोजतात.

पूर्वी घरात रेडिओ ठेवायला लायसन होतं हे आताच्या पोरांना सांगितलं तर हसतात. आमच्या घरी आजोबांचं लायसनचं पुस्तक आहे अजून, तिकिटं चिकटवून त्यावर पोस्टाचा शिक्का. ऐंशीच्या दशकात ते गेलं आणि तेव्हापासून ऐकणाऱ्याच्या खिशाचा रेडिओशी थेट संबंध संपला. माझ्या मते घोळ तिथेच झाला. पैसे तू भरत होतास तोवर तक्रार करायला तोंड होतं.

चिपळूणची_वाशिष्ठी
लायसन असताना काय दिवे लागले होते हो काका? आणीबाणीत लोक ऑल इंदिरा रेडिओ म्हणायचे, तेव्हा लायसन होतंच की घरोघरी. विरोधात असले की सगळ्या पक्षांना स्वायत्तता हवी असते आणि सत्तेत आले की माईक सोडवत नाही. जनता सरकार आलं, आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी वर्गीज समिती नेमली, समितीने १९७८ मध्ये स्वतंत्र न्यास करा म्हणून सांगितलं, न्यास काही झाला नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टात आपल्या न्या. पी. बी. सावंतांच्या पीठाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नाही, असं सांगितलं, त्यानंतर कुठे दोन वर्षांनी तो कपाटातला कायदा बाहेर आला.

आणि निसर्गाचं कौतुक ठीक आहे, पण २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा रेडिओ तळमजल्यावर होता, तो टीव्ही-फ्रीजसकट पाण्यात गेला. आम्ही माळ्यावर आणि रेडिओ खाली. तेव्हा सगळ्याला रेडिओ हेच औषध नाही. बातम्यांबद्दल तर बोलूच नका, उद्घाटनं आणि फित कापणं संपेपर्यंत माझा चहा होतो.

सिधुदुर्गातलो
माका ह्या पटूक नाय. मराठीत लिवतंय, नायतर अर्ध्यांका समजाचा नाय.

तुम्ही सगळे घरातला रेडिओ धरून बसलात, जरा होडीवरचा बघा. माझा मामा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या आहे. किनारा मागे पडला की मोबाईलची रेंज संपते, केबिनमध्ये खिळ्याला ट्रान्झिस्टर टांगलेला असतो आणि मच्छीमारांसाठीची हवामानाची सूचना लागली की खलाशी जाळ्याचं काम थांबवून ऐकतात. बंदरात वादळाचा बावटा लागला हे कळायला आधी बंदर दिसायला नको? १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, तेव्हा तसंही कोणी बाहेर नसतं, पण खरी वादळाची भीती ऑक्टोबर-नोव्हेंबरची, ऐन हंगामातली. आता सांगा, ह्या वीस लोकांच्या कानाचा टीआरपी कोण मोजणार आणि जाहिरातवाला त्यांच्यासाठी काय देणार?

आणि मिडियम वेव्ह बंद करून सगळं एफएम करा म्हणणाऱ्यांना पण सांगायचंय, एफएम सरळ जातं, मध्ये डोंगर आला की संपलं, आणि आमच्याकडे प्रत्येक वाडी दोन डोंगरांच्या खोबणीत. मिडियम वेव्ह जमिनीला धरून जाते, खाऱ्या पाण्यावरून तर अजूनच लांब. हर्णैवाल्यांचे बाबा सेट तिरका करत होते ना, ते उगाच नाही, आत अँटेनाची फेराइटची कांडी असते तिला दिशा असते.

भावाने अमेरिकेचं काढलंच आहे तर पुढचं पण सांगा त्याला. तो पैसा काढायचा की नाही यावर सिनेटमध्ये चर्चा चालू होती, त्याच दिवशी, १६ जुलैला, अलास्काच्या किनाऱ्याजवळ ७.३ चा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला. तिथल्या सिनेटर लिसा मर्कोव्हस्की, ट्रम्पच्याच पक्षाच्या, त्या म्हणाल्या की हा इशारा लोकांपर्यंत आमची सार्वजनिक रेडिओ स्टेशनंच पोचवतायत. तरी ५१ विरुद्ध ४८ ने पैसा गेलाच.

खारा_वारा
बरोबर. आणि त्यातली खरी गोम वेगळीच आहे. १९६७ ला अमेरिकेने सरकार आणि स्टेशनांच्या मध्ये एक महामंडळ उभं केलं आणि पुढे पैसे दोन वर्षं आधी मंजूर करायची पद्धत पाडली, म्हणजे आजच्या बातमीवर रागावून उद्या कोणी नळ बंद करू नये. आता तो आधी मंजूर झालेलाच पैसा परत घेतला, ऑगस्टमध्ये महामंडळाने गाशा गुंडाळतोय म्हणून जाहीर केलं. मोठ्या शहरातली स्टेशनं देणग्यांवर तरतील, मरण आडगावच्यांचं.

पोफळीची_बाग
मग बीबीसीसारखं करा ना, घरटी फी. एप्रिल २०२५ ला ती वर्षाला १७४.५० पौंड झाली होती.

चिपळूणची_वाशिष्ठी
ती फी किती हे पण तिथलं सरकारच ठरवतं ताई, आणि बीबीसी ज्यावर चालते ती सनद २०२७ अखेर संपतेय म्हणून आतापासून त्यांची ओढाताण चालू आहे. इथे ग्रामपंचायतीची घरपट्टी भरायला लोक मार्च उजाडायची वाट बघतात, रेडिओपट्टी कोण भरणार! मला विचाराल तर पैसा सरकारचाच राहू दे, फक्त पाच वर्षांचा एकदम ठरवा आणि केंद्रातल्या मंत्रालयाकडे दरवर्षी हात पसरायला लावू नका. पाचात एक तरी निवडणूक येतेच, देणाऱ्यालाही माहीत नाही की पुढे कोण बसेल. मामांच्या होडीचा मुद्दा मात्र मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

देवगड_हापूस_ओरिजिनल
सकाळी 'आपली आवड' लावा रे कोणीतरी, एवढंच मागणं आहे माझं.

हर्णै_बंदर
धन्यवाद सगळ्यांना. भावाला हा धागा पाठवला, त्याने नुसता अंगठा पाठवला, मान्य की चिडला कळत नाही. आता एक साधा प्रश्न, बाबांचा सेट खरंच शेवटच्या घटका मोजतोय. दापोलीत दोन दुकानं फिरलो, सगळीकडे पेनड्राईव्ह-ब्लूटूथवालेच. मिडियम वेव्ह लागणारा मिळतो का कुठे?

सिधुदुर्गातलो
मिळतो. खोक्यावर एफएम मोठ्या अक्षरात असतं, तू मागे एएम किंवा एमडब्ल्यू लिहिलंय का बघ. दुकानात ट्यूबलाईटखाली लावून बघू नको, खरखरच येणार, रस्त्यावर ये आणि गोल फिरवून बघ. आणि बाबांना सांग, वापर नसेल तेव्हा पावसाळ्यात सेल काढून ठेवा, गळले की आतल्या पट्ट्या खातात.